काकांच्या मांड्या ऐकेनात

पुण्यात मी स्नायूंवरच्या संशोधनात काम करते खरी, पण माझी खरी परीक्षा झाली कुरुंद्याला, आमच्या काकांपुढे. त्यांची साखर इतकी वाढली होती की डॉक्टर इन्सुलिन सुरू करा म्हणत होते, आणि काकांना सुईची भयंकर भीती. मी समजावलं, "काका, जेवल्यावर रक्तातली बरीचशी साखर स्नायूंनी ओढून घ्यायची असते. बसून बसून तुमच्या मांड्या इन्सुलिनचं ऐकेनाशा झाल्यात. जेवण झालं की चाला."

"रिकामं हिंडलो तर गल्ली इचारंल ना, काहून फिरून राहिले म्हणून!"

"मग हापशावरून पाणी आणा. कुणी काही विचारणार नाही."

चार महिन्यांनी गेले, तर काका दोन्ही हातांत भरलेल्या कळश्या घेऊन दारात. साखर बरीच उतरली होती, सुई टळली होती. इतकी वर्षं पाणी भरत आलेली काकू ओट्यावर पाय पसरून निवांत बसली होती.

"काय काकू, खूश ना?"

"खूश तर हायेच, लेकरा," काकू म्हणाली, "पण हे संशोधन माझ्या लग्नाच्या आधी काहून न्हाई केलं कोणी?"