चढावरचा दगड

पनवेलच्या गॅरेजात स्कूटरची वाट पाहत रुचिरा बाकावर बसली होती. शेजारी दाजी आणि त्यांची बायको वेणू मेकॅनिक हितेशला पेढे देत होते.

"मागच्या अ‍ॅक्सलचे गिअर बदलल्यावर जुनी पिकअप चढाला ओढते ना, दाजी? हायवेला मात्र पळणार नाही," हितेश म्हणाला.

"नाय पळली तरी चालंल. मीठ भरून कर्नाळ्याचा चढ न थांबता चढली."

"आदी थांबली का मीच उतरायची, चाकामागं दगड लावायला. या असल्या गुडघ्यांनी," वेणू म्हणाली.

"म्हनून तर बदलले."

"मला वाटला, गाडीसाठी."

"काकी, मग गाडीतला तो दगड टाकून देऊ?" हितेशने विचारलं.

"नको रं. इतकी वरसं माज्यासंगं उतरला. आता त्यालापन बसून येऊ दे."