ओनोदेरासाहेबांचा खोकला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे सर्वेसर्वा माननीय कुजिराईसाहेब, सातासमुद्रापलीकडून खास आलेल्या सन्माननीय पाहुण्या होलिस्टरबाई, त्यांच्या कानाशी लागून बसलेल्या दुभाषीबाई, वाहिनीचे अधिकारी, कॅमेरावाले, दिवेवाले, चिखलवाले, आणि या सोनेरी पडद्यापुढे छातीला एवढं मोठं पांढरं फूल लावून अवघडून बसलेले आमचे सत्कारमूर्ती, दिग्दर्शक ओनोदेरासाहेब. सगळ्यांना वाकून नमस्कार.

हुश्श. पाठ केलेलं तेवढंच होतं. पुढचं माझं मला.

माझं नाव हायासे. ‘सांभाळून हं!’ या आपल्या कार्यक्रमात मी पडायचं काम करतो. स्पर्धक यायच्या आधी तळ्यातल्या प्रत्येक दगडावर उडी मारून बघायची. कुठला पक्का, कुठला नुसताच चिखलावर तरंगतोय. अंदाज चुकला की मी चिखलात. शाळेत परीक्षेला बसलो की पडायचो, तेव्हा आई म्हणायची, ‘जन्मभर पडतच राहा!’ आईचा शब्द मोडला नाही. उलट आता त्याचा पगार मिळतो. ओनोदेरासाहेब मला नावानं हाक मारत नाहीत. ‘ए पडक्या’ म्हणतात.

तर मंडळी, खरं सांगू का? मी थकलोय. तुम्हीही थकलात, इथून दिसतंय. माझ्या आधी इतके लोक बोलून गेले की बिअरचा फेस बसला, कोंबडी गार झाली. ‘कान्पाई’ म्हटल्याशिवाय ग्लासाला तोंड लावायचं नाही ही आपली रीत, आणि कान्पाई माझ्यानंतर. मागच्या टेबलावरचे दिवेवाले माझ्याकडे जे बघतायत ना, त्या नजरेनं बघणारा मी आजवर फक्त यम बघितलाय. तोही स्वप्नात.

हॉलची सजावट माझ्याकडे होती. हा लाल गालिचा, या कुंड्या, सगळं मीच मांडलं. हॉटेलचा मॅनेजर विचारत होता, ‘अहो, व्यासपीठाच्या पायऱ्यांशेजारी, कुंड्यांच्या मागे गाद्या कशाला?’ म्हटलं, ‘आमच्या धंद्यातली पद्धत आहे.’ निघून गेला बिचारा. टीव्हीवाल्यांच्या नादाला कोण लागतं?

मघाशी मुतारीच्या दारात कुजिराईसाहेबांनी मला गाठलं.

‘हायासे, दोन मिनिटं बोल. गोड बोल. आणि अमेरिका हा विषय नको.’

‘बरं साहेब.’

‘गंमतजंमत नको.’

‘साहेब, अंगात त्राण नाही, गंमत कसली करतोय!’

तर मी अमेरिकेबद्दल अवाक्षर काढणार नाही. मी फक्त पलीकडच्या लोकांबद्दल बोलणार आहे. दुभाषीबाई, हे वाक्य सोडून द्या. सांगितलंत? बाई हसल्या. म्हणजे सांगितलंत.

आता ओनोदेरासाहेबांबद्दल काय सांगायचं? हा माणूस तळ्याच्या काठावर लाकडी खोक्यावर उभा राहायचा. कान्तो म्हणू नका, क्यूशू म्हणू नका, कुठून कुठून माणसं यायची. मासेवाले, मास्तर, नर्सबाया, आणि बॉसला पोटदुखी सांगून आलेले कारकून. दगडांवरून तळं ओलांडलं तर तांदळाचं पोतं. पडलं तर टॉवेल. आणि लोकांना टॉवेलच हवा असायचा, कारण त्यावर ‘सांभाळून हं!’ छापलेलं असायचं. पोतं संपतं, टॉवेल दुकानात टांगता येतो.

आणि गर्दीत एखादा असा असायचा की त्याला बघूनच कळायचं, याचे दिवस बरे नाहीत. असा माणूस तरंगत्या दगडाजवळ आला की काठावरून आवाज यायचा.

‘ख्खॉ!’

साहेबांचा एकच खोकला. म्हणजे, हा दगड पक्का नाही. बस्स. अख्ख्या जपानला ठाऊक होतं ना हो ते? घराघरात भाताचा वाडगा हातात घेऊन लोक वाट बघायचे. ‘या नर्सबाईसाठी खोकणार.’ ‘छे, त्या म्हाताऱ्यासाठी.’ पैजा लागायच्या. खोकला आला की आमच्या घरी माझी आई टाळ्या वाजवायची. कोणी म्हणालं का की फसवणूक झाली? वाहिनीला पत्रं यायची ती एवढीच, की गेल्या आठवड्यात खोकला नव्हता, साहेबांची तब्येत बरी आहे ना?

एकदा इवातेहून एक तोफूवाला आला होता. पिंपासारखा माणूस. दुकान बुडालेलं, हे त्यानं सांगितलं नाही, त्याच्या बुटांनी सांगितलं. तो दगडाजवळ आला. साहेब खोकले. तोफूवाला थांबला, काठाकडे वळला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि ओरडला, ‘आभारी आहे साहेब! पण माझी पोरं मला पडताना बघायला बसलीयत!’ आणि मुद्दाम त्याच दगडावर पाय दिला. असा धप्पकन पडला की माझ्या तोंडात चिखल गेला. त्या दिवशी मी साहेबांना पहिल्यांदा हसताना बघितलं. म्हणजे खोकला हा हुकूम नव्हता बरं का. पुढं काय आहे ते सांगितलं; पाय कुठं ठेवायचा ते तुझं तू बघ.

मग आपला कार्यक्रम पलीकडच्यांनी विकत घेतला. आपल्याला आनंद झाला. का होऊ नये? आणि ‘सल्लागार’ म्हणून साहेब, आणि सल्लागाराला ढकलायला म्हणून मी, असे दोघं तिकडं गेलो.

मंडळी, चिखलात पडून माणूस इतका दमत नाही, जितका मिटिंगमध्ये बसून दमतो. चिखल सेंद्रिय आहे का? दगडाला कोपरे का आहेत? स्पर्धकानं उडी मारायच्या आधी रडायला हवं, त्याच्या आयुष्यातलं काहीतरी दुःखद शोधा. साहेब म्हणाले, ‘नंतर रडतो ना तो. चिखलातून बाहेर आल्यावर.’ नाही, आधीच हवं. हेल्मेट आलं. जॅकेट आलं. टॉवेल गेला. नाव बदललं, ‘सिंक!’ ठेवलं. सिंक म्हणजे बुडा. आपण वर्षानुवर्षं म्हणतोय, सांभाळून हं. ते म्हणतात, बुड की लेका! होलिस्टरबाई, रागवू नका. तुम्ही त्या मिटिंगांमध्ये एकट्याच होतात ज्यांनी साहेबांना दर वेळी चहा विचारला. मी विसरलो नाही.

आणि तांदळाच्या पोत्याच्या जागी ठेवले दहा लाख डॉलर.

सगळा घोळ तिथं झाला बघा. तांदळाच्या पोत्यासाठी खोकलं तर ती माया. दहा लाख डॉलरसाठी खोकलं तर तो गुन्हा. तिकडं कायदाच आहे तसा, खेळात स्पर्धकाला मदत केली तर तुरुंग. आणि चूक त्यांची आहे असं मी म्हणत नाही. दहा लाखांपुढं कोण कुणाचा? पण हे आम्हाला सांगितलं होतं का? सांगितलं होतं. एवढ्या जाड करारात. साहेबांनी सही केली, मी त्या करारावर कप ठेवला.

मग आला अर्ल टिबेट्स. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, गुडघे गेलेले, बायको गेलेली. रडायला सांगितलं तर म्हणाला, ‘रडून झालंय माझं, आता उडी मारू का?’ साहेबांना तो पाहताक्षणी आवडला. मी बाजूलाच उभा होतो. मला कळलं. मी म्हटलं, ‘साहेब, नको.’ म्हणाले, ‘मी काय केलंय?’ म्हटलं, ‘अजून नाही केलंय.’

अर्ल तरंगत्या दगडाजवळ आला. आणि साहेब खोकले.

ऐका आता पुढं. अर्लला काय माहीत त्या खोकल्याचं? तो काय लहानपणापासून आपला कार्यक्रम बघत वाढलाय? तो थांबला, काठाकडे वळला, आणि काळजीनं विचारलं, ‘काका, बरं आहे ना तुम्हाला? पाणी देऊ का कुणाला सांगून?’

आणि विचारता विचारता पाय त्याच दगडावर.

धप्प.

ज्याला वाचवायचं, तोच यांची चौकशी करता करता बुडाला. मी आयुष्यात इतक्या वेळा पडलोय, पण असं पडणं बघितलं नाही. चिखलातून डोकं वर काढून तो पहिल्यांदा काय म्हणाला माहितीये? ‘त्या म्हाताऱ्याला कुणीतरी बघा रे!’

पण खोकला माइकमध्ये आला होता. दुसऱ्या दिवशी वकील. लांबलचक टेबल, गार खोली. वकिलानं विचारलं, ‘तुम्हाला त्या दिवशी सर्दी होती का?’ आणि विचारताना स्वतःच मान हलवत होता, हो म्हणा, हो म्हणा. म्हणजे बघा, साहेबांसाठी तो वकीलच खोकत होता! एक ‘हो’ म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं.

साहेब म्हणाले, ‘सर्दी नव्हती. मी त्याच्यासाठी खोकलो.’

अख्खा भाग रद्द. तुरुंग टळला, कारण अर्ल पडलाच होता, फायदा कुणालाच झाला नव्हता. आम्हाला विमानात बसवलं. मी वैतागलो होतो. म्हटलं, ‘सर्दी म्हणायला काय जात होतं तुमचं?’ साहेबांनी खिडकीची झडप खाली ओढली. मग म्हणाले, ‘ए पडक्या, आज मी सर्दी म्हटलं, तर उद्या तो तोफूवाला विचारेल, माझ्या वेळेलाही सर्दीच होती का?’

मंडळी, याचं उत्तर तुमच्याकडं आहे का?

आता आजची पत्रिका. प्रत्येकाच्या ताटाशेजारी आहे, बघा. छान सोनेरी छापलीय. ‘दीर्घकालीन खोकल्याच्या विकारामुळे, प्रकृतीच्या कारणास्तव, श्री. ओनोदेरा स्वेच्छेने निवृत्त होत आहेत.’ जे त्या खोलीत वकिलानं हातात दिलं तरी साहेबांनी घेतलं नाही, ते इथं घरच्यांनी, म्हणजे आपल्याच कंपनीनं, त्यांना न विचारता छापून टाकलं. पुढल्या हंगामापासून आपलं तळंही पलीकडच्या नियमानं चालणार आहे. चालू दे. जग बदलतं, मला कळतं तेवढं. साहेबांनी जावं, हेही कळतं. पण आजारी म्हणून जावं?

ते स्वतः बोलणार नाहीत. त्यांना नंतर दोन मिनिटं दिलीयत, त्यात ते तुमचे आभार मानतील आणि बसतील. असे आहेत ते. कामावर आलो तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली होती, ‘आधी गादी, मग गंमत.’ ज्याला पाडायचंय त्याच्याखाली आधी गादी घाल. तेवढं मी पाळतो.

निवेदकबाई खुणावतायत, पुष्पगुच्छाची वेळ झाली. या कुजिराईसाहेब, सत्कारमूर्तींना फुलं द्यायचा मान तुमचाच. गुच्छ घ्या, जड आहे. या. पहिली पायरी, छान. आता दुसऱ्या...

...

ऐकलंत?

मागच्या टेबलावर ऐकू आलं का? सगळा हॉल असा गप्प का झाला? दिवेवाले, तुम्ही उठून उभे का राहिलात?

आणि कुजिराईसाहेब, तुम्ही एक पाय हवेत धरून का थांबलात? काय झालं? त्यांना तर विकार आहे ना खोकल्याचा? पत्रिकेत छापलंय. आजारी माणूस खोकला, त्यात थांबण्यासारखं काय आहे?

तुम्ही थांबलात, कारण तुम्हीही भाताचा वाडगा घेऊन तो कार्यक्रम बघतच मोठे झालात.

तुम्ही त्यांना आजारी ठरवलंत, आणि ते तुमच्यासाठी खोकले. मला वाटलं होतं, निदान आज तरी गप्प बसतील. छे. आणि माझ्याकडे असे बघू नका ओनोदेरासाहेब, गाद्या आहेत, दोन्ही बाजूंना आहेत. हो, दुसऱ्या पायरीवर तळ्यातलाच दगड आहे. गालिच्याखालूनही ओळखलात ना?

तर मंडळी, सगळ्यांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, कोंबडी गार केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. अडाणी माणूस आहे, बोलताना कुणाचा मान राहिला नसेल तर लहान समजून पोटात घाला. फक्त दगड चुकून ठेवलेला नाही, त्याची माफी मागत नाही. आणि ती पत्रिका कुणी घरी नेऊ नका, एवढी विनंती.

प्याले उचला. कुजिराईसाहेब, तिसरी पायरी पक्की आहे, मी स्वतः उडी मारून बघितलीय. लांब टांग टाका.

सांभाळून हं.