थांबायचं कुठे

— नाही हो, सुरुवात भोकापासून नाही झाली, भोक नंतर पडलं. सुरुवात अशी की मंगळवारी आत्या 'बास' म्हणालीच नाही. बसा ना, त्या ओंडक्यावर — तो नको, तो डुगडुगतो. तुमचा वाडगा हाच, होतच आलाय, तळाचं तेवढं राहिलंय, आणि मी तळाचंच सांगतेय. बाहेरून तासून झालं की आतून गोल पटाशीने कोरत खाली जायचं, मधूनमधून तळ बोटाने वाजवायचा — असा, टक् टक् — जाड असला की आवाज बद्द येतो, पातळ झाला की मोकळा. आत्या आत स्वयंपाकघरात, मध्ये भिंत, नळ सोडलेला, तरी बरोबर बोटभर तळ उरला की तिकडून ओरडते, 'बास!' दोन वर्षं हेच. एकदा तर न्हाणीघरातून ओरडली. मला काय, ती बास म्हणाली की मी थांबते. मंगळवारी बास आलंच नाही. म्हटलं, उरला असेल अजून. कोरलं, वाजवलं, कोरलं — आणि पटाशी आरपार. वाडगा उचलून बघितला तर भोकातून माझी चप्पल दिसली. ज्यांचा होता त्या बाईंना सांगितलंय, लाकूड तडकलं. तुम्ही बोलू नका कुठे.

मोजत का नाही? मोजता येतं की, चिमट्यासारखं माप मिळतं त्याला, पण आत्याने ते पहिल्याच दिवशी कुलपात टाकलं. म्हणे माप हातात असलं की माणूस ऐकत नाही. आणि आता तिलाच — दार वाजलं का? नाही? वारा असेल, मी दचकतेच, लक्ष देऊ नका — आता तिलाच ऐकू येईनासं झालंय. दुसरं काय समजायचं? सत्तरीला टेकली. बुधवारी मुद्दाम तिच्या पाठीमागे पातेल्याचं झाकण पाडलं, हूं की चूं नाही. मीच किंचाळले. बाबांना फोन केला, तिचे सख्खे भाऊ, तर म्हणाले, 'तिला लहानपणापासून हवं तेवढंच ऐकू येतं.' हे काय उत्तर झालं? कानाच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतलीय. आत्याला सांगितलंय, दात दाखवायचेत. माझे. शेजारच्या शिंपीणकाकूंना म्हटलं, जरा मोठ्याने बोलत जा, तर त्या आता माझ्याशीच मोठ्याने बोलतात.

हसू नका. तिचे कान गेले ना, की दुकान गेलं. कारण मला येत नाही. हे बोलायचं नव्हतं मला. दोन वर्षांत छत्तीस वाडगे केले, प्रत्येकाखाली माझी खूण आहे, आणि तळ मी एकाचाही ओळखलेला नाही. हात चालतो हो माझा, हा काठ बघा, सुरीने केलाय, घासायचा कागद लावलेला नाही — पण थांबायचं कुठे ते तिने सांगायचं. कॉलेजात बरी होते, तिथे घंटा व्हायची. आणि परवा सहज म्हणाली, 'पुढच्या महिन्यापासून दुकान तू बघ, मी माझ्या ताईकडे राहायला जाते.' ऐकू येत नसलेलं माणूसच असं सगळं सोडून निघून जातं ना? हो ना?

आता तुमचाच घ्या. टक् टक्. हा बद्द की मोकळा? — नका सांगू, तुम्ही गिऱ्हाईक. एक पापुद्रा काढते अजून. टक्. हं. आत्या! — बघा. आत्या! — सकाळपासून चौथी हाक ही. अजून एकच पापुद्रा… थांबा हं, बोलू नका. टक्. घुमला का जरा? इथे मधोमध? मघाशी घुमत नव्हता. आता अजून एक काढला तर — नको. नाही काढत. ही ठेवली पटाशी खाली. कुणी बास म्हणो न म्हणो. थांबले गं मी, आत्या…

काय म्हणालात? तुम्ही नाही? मग 'किती वेळ लावलास' असं आत्ता भिंतीपलीकडून कोण म्हणालं?