धनीबाईच्या मोहाखाली

"— हळू, कासारीनबाई, हळू! फोड आहे ना तिथं. कायचा? चुलीचा, दुसरा कायचा असन? जंगलाच्या नाकेदाराच्या बायकोले का चूल नाही? बांगड्या हिरव्याच भर. हिरवंच दिसते ना त्याईले. खोटं नाही सांगत — माह्या नथीतला मोती पडून सा महिने झाले, नवऱ्याले दिसला नाही. पण धावड्याले डिंक सुटला का कोसावरून दिसते. तेंदूले पालवी फुटली, चारोळीची चार पिकून राह्यली, हरियाल वडावर बसले — जेवाले बसले का हेच! एक डाव भाजीत मीठच नाही टाकलं मी. खाल्ली ना बाई! काही कळलं नाही.

तू तांड्यावर जातेस ना? मंग धनीबाई पाह्यली असन. राखीव जंगलात मोहा आहे तिचा, सासऱ्यापासूनचा — त्याखालचं फूल दुसरं कोणी उचलत नाही. अन् आमचे हे, मोहा गळाले लागला तसे, पहाटची चांदणी निंगाली का तिकडं! कपड्याले मोहाचा वास. बाई असल्याबिगर माणूस असा उठते काय? नाही ना? म्हणून काल गेली मी मांगून, विळा घेऊन. तिचं नाकच कापीन म्हणलं. तं धनीबाई कुठं! हे एकटेच, सागाच्या आड. समोर अस्वल — पाठीवर पिल्लू, मचमच फुलं खाऊन राह्यली. अन् ह्याईचं तोंड! असं हसणं आमच्या लग्नात बी नाही पाह्यलं मी. बाई असती तं झिंज्या धरल्या असत्या. अस्वलाच्या कोणत्या धरू?

हे घराकडं वळले, अन् मंग — मंग काय, पाचोळा तं साऱ्याच जाळतात मोहाखालचा, फूल वेचाले. धनीबाईनंच जाळला असन. वारा फिरला, सागात गेली आग. अस्वल पिल्लू घेऊन पळाली — बरं झालं, आता नाही येत. अशी काय पाह्यतेस? चुलीचाच आहे म्हणलं ना फोड!

नागपूरचं राज्य जाऊन मुंबईचं आलं, पण राखीवात आग लावली तं जेल ठरलेलीच. सकाळपासून हे साहेबासंग गेलते, कोणं लावली ते हुडकाले. धरतीन धनीबाईले. धरू दे! — माहा विळा बी कालपासून सापडून नाही राह्यला...

आले वाटते. एकटेच. हातात काय — विळा आहे माहा. काळा पडला. थांब, बोलू नको... रांजणापाशी बसले. धुऊन राह्यले, बाई. राखेनं घासून राह्यले. मले वाचवतात म्हणशीन तू. अवं, मले साहेबाच्या हाती दिलं असतं, चार शिव्या हासडल्या असत्या, तं निदान माह्याकडं पाह्यलं तं असतं! पाह्यलं काय? नाही ना. जंगलाकडंच तोंड.

दुसऱ्या हातात भरू नको. जा. जा म्हणलं ना!"