नवसाच्या पेढ्यांची पावती

२००६ सालची गोष्ट. नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या नगरपालिकेत नंबराची चिठ्ठी घेऊन बसलेल्या मंजूषाच्या कानावर मागच्या बाकावरून मराठी शब्द पडले आणि तिने हातातलं मासिक मिटलं. थकलेल्या घरपट्टीचे हप्ते पाडून घ्यायला आलेलं एक जोडपं उत्पन्न-खर्चाचा अर्ज भरत होतं.

"सुमती, दारू सोडवायच्या केंद्राचं बिल कुठल्या रकान्यात लिहू? औषधोपचार, की वैयक्तिक खर्च?"

"औषधोपचारच लिहा. आजारच होता तो. तेवढा हप्ता कमी बसेल."

"काउंटरवरची बाई म्हणेल, मजा तुम्ही मारलीत, आता तुम्हीच भरा."

"म्हणू दे, मी बघते तिच्याकडे. आणि ही पावतीपण जोडा."

"ही तर हेगच्या मिठाईवाल्याची! सव्वापाच किलो पेढे?"

"तुमची दारू सुटावी म्हणून नवस बोलले होते. मग तोही उपचारच झाला ना?"

"अगं, डच बाईला नवस कसा समजावणार?"

"शंभर दिवस झाले म्हणून सांगायचं."

"एकशे चार."

तेवढ्यात मंजूषाचा नंबर लागला. तिने मागे वळून आपली चिठ्ठी सुमतीच्या हातात ठेवली.

"आधी तुम्ही जा, काकू. ती बाई काय म्हणते ते मला ऐकायचंय."