उघडी कमान

हॅलो?… हो, सुप्रीताच. कारखान्यातूनच बोलतेय, राजाजीनगर… नयना, बरं झालं तूच केलास. मी केला असता तर नुसती भांडले असते… हो, आताही तेच करणार आहे.

स्वल्प मोठ्याने बोल. मागे घरघर चाललीय. तुझं छपाईचं मशीन बंद कर ना… नाही म्हणजे काय? आधी मला बोलू दे.

तुझे स्टिकर… इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरच्या अर्थिंगचे, दुसरे कुठले? सुंदर आहेत. लग्नपत्रिकेवर शोभतील असे. म्हणून तर डोकं फिरलंय.

मी तुला दोन चित्रं काढून दिली होती. किती?… दोन. पहिल्यात एक उभी रेघ, तिच्याखाली तीन आडव्या, खाली खाली लहान होत जाणाऱ्या, आणि भोवती पूर्ण गोल. ते मोठ्या स्क्रूचं. भिंतीतली हिरवी वायर तिथे बसते, म्हणजे स्टीलच्या अंगात करंट उतरला तरी माणसाला लागत नाही… ऐक ना. दुसऱ्यात त्याच रेघा, पण वर नुसती कमान. खालून उघडी. ते छोट्या स्क्रूचं, आतल्या वेग मोजणाऱ्या तारेसाठी. त्याचा बाहेरच्या अंगाशी काही संबंध नाही.

आणि तू काय केलंस? कमान खालून जोडून टाकलीस. दोन्हीकडे गोल.

का?… परत सांग… रेघ उघडी सोडू नये?

नयना, ती दारातली रांगोळी नाही… हो, माहितीये, उघड्या रेघेतून घरातली बरकत जाते. आणि बंद केलेल्या रेघेतून काय आलं, सांगू? काल बसवनगुडीच्या हॉटेलात आमच्या बसवंतने ग्राइंडर बसवलं. दोन स्क्रू, दोन्हीवर गोल. त्याने हिरवी वायर हाताशी आलेल्या छोट्याला लावली… त्याला काही बोलू नकोस. जे छापलं होतं तेच त्याने वाचलं. आज सकाळी आत कुठेतरी वायर घासली आणि अख्ख्या भांड्यात करंट आला. शिवलीला म्हणून बाई आहे तिथे, पीठ काढणारी. ओले हात. मागे फेकली गेली.

आहे, आहे. बरी आहे. लाकडी फळीवर उभी होती म्हणून. मनगट सुजलंय.

आता अक्का, अक्का करू नकोस. बिल मागताना 'मॅडम' असते मी.

ऐक. चार वाजता टेम्पो आहे, आठ ग्राइंडर जायचेत. आमचे मालक, भगवंतराव, दोनदा टेबलापाशी येऊन गेले. स्वल्प ॲडजस्ट करा म्हणे, मार्करने खालची रेघ खोडा. स्वतःच्या कंपनीचं नाव लिहितील का मार्करने?… मी सही नाही केली. माझ्या सहीशिवाय एकही ग्राइंडर हलणार नाही. आणि माझ्या वहीत एक रकाना आहे, 'चूक कोणाची'. अकरा वर्षांत तो कोरा ठेवलेला नाही. आज त्यात लिहिणार, 'नयना, छपाईचं दुकान, चिकपेट'. मावसबहीण असलीस तरी.

काय?… प्रूफ? कसलं प्रूफ? मला कुणी काही… बारा तारखेला?

थांब. तुझे मेसेज बघते.

तुझ्या गौरीच्या शाळेतल्या नाचाचे फोटो… आणखी नाच… हं. हे काय… दोन्ही गोल. आणि खाली माझं 'वा, किती सुबक'.

ते गौरीला लिहिलं असेल गं.

…नाही. नाच त्याच्यानंतर आहे.

गप्प नाही बसले, लिहितेय… 'सुप्रीता'. रकान्यात… हो, माझंच. उघडलं होतं, बघितलं नव्हतं. तुझंही आहे खाली. खूश होऊ नकोस.

सरी, ठीक आहे. आता असं कर. संध्याकाळपर्यंत नवीन छापून दे. कमान उघडी, लक्ष्मी रुसली तरी उघडी. टेम्पो उद्या निघेल, भगवंतरावांना मी बघते. राहिलं मावशीचं ग्राइंडर. तेही याच लॉटमधलं, पण ते खोक्यातच आहे म्हणून बरं. शुक्रवारी पूजा झाल्याशिवाय ती बटण दाबणार नाही, त्याआधी बसवंतला पाठवून…

काय?… पूजा झाली? कधी?… आज सकाळी? आणि बसवलं कुणी?… बसवंतने. परवा.

नयना, तू दुकानात नाहीस.

मग ही घरघर…

ऐक. ओरडू नकोस. दचकली तर आधाराला त्यालाच धरेल. हळू म्हण, आई, जरा इकडे ये… काय करतेय ती?… डाळ घालतेय. तिला ओढायला जाऊ नकोस. तू भिंतीवरचं बटण बंद कर. हात कोरडे आहेत?… पुस. पायात चप्पल घाल… असू दे स्वयंपाकघर, घाल. ग्राइंडरला वळसा घालून जा… आहे मी, फोनवरच आहे. जा.

…

…

थांबली. थांबली ना घरघर?… आणि मावशी?

बस जरा. पाणी पी… दे तिला फोन.

मावशी, मी सुप्रीता… नाही, ग्राइंडर चांगलंय… हो, डाळ अर्धी वाटली गेली, कळलं. आजचा दिवस शेजारच्या पवित्राच्या मिक्सरवर काढ… बसवंत येतोय, वायर बदलून देईल. तोवर बटणाला हात लावायचा नाही. देवाची शपथ नको, माझी घे… रागाव, खुशाल रागाव.

नाही, एकट्या नयनाची चूक नाही. माझीही आहे, वहीत लिहिलीय… पण मावशी, रेघ उघडी सोडायची नाही, हे तिला शिकवलं कुणी?

…हं. रकान्यात जागा आहे अजून. ठेवते.