निळ्या दाराकडची किल्ली

ओलिवा: डोळे मीट, हिमेना, आणि कल्पना कर. आपल्या निळ्या दारावर टकटक झाली. बाहेर दोन पाहुणे. टेकडीवरचं चॅपल बघायला आलेत.

हिमेना: कोण येणार, ओलिवाआजी? ईस्टरपासून कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

ओलिवा: कल्पना कर म्हटलं ना! ते किल्ली मागतात. मग?

हिमेना: किल्ली कुणाच्या हातात द्यायची नाही. आपण सोबत जायचं.

ओलिवा: का बरं?

हिमेना: एकट्याला तिथे काही दिसतच नाही. दाखवावं लागतं.

ओलिवा: शाबास! माझ्या सासूबाई अगदी असंच म्हणायच्या. आणि भिंतीवरचा मासा?

हिमेना: बायबलातल्या गोष्टीतला, माणूस गिळणारा मासा. चिताऱ्यानं समुद्र कधी पाहिलाच नव्हता. म्हणून त्यानं आपल्या नदीतलाच मासा मोठा करून काढला, मिशांसकट. आठशे वर्षं झाली.

ओलिवा: मासा आधी दाखवायचा?

हिमेना: शेवटी. नाहीतर बाकीचं कुणी बघतच नाही. पण आजी, हे शिकून मी करू काय? शाळा बंद झाली. शनिवारी आम्ही शहरात, सोरियाला राहायला चाललो.

ओलिवा: माहीत आहे गं. माझे गुडघे आता टेकडी चढत नाहीत. आणि गावात उरलेली सात माणसं माझ्याहून म्हातारी.

हिमेना: मग किल्ली मी सोरियाला नेते!

ओलिवा: आणि पाहुणे तिथे तुझं दार वाजवतील होय? वेडाबाई! बिशपच्या कचेरीतला माणूस आज येतोय. त्याच्या कपाटात राहील ती.

हिमेना: मग चॅपल कोण उघडणार?

ओलिवा: कुणी नाही.

(दारावर टकटक होते.)

माणूस: ओलिवाबाई ना? किल्ली न्यायला आलोय. इथे सही करा.

ओलिवा: बसा की जरा. चॅपल पाहिलंय कधी?

माणूस: फाइलमध्ये फोटो आहे. आजची ही सहावी किल्ली, बाई. अजून दोन गावं राहिलीत.

ओलिवा: दे बाळ, किल्ली दे त्यांना.

हिमेना: हातात देत नाही आम्ही.

माणूस: अगं पोरी, मी पाहुणा नाही!

ओलिवा: हिमेना, आता ही कल्पना नाही. ते किल्ली घेऊनच जाणार.

हिमेना: माहीत आहे, आजी. चला, काका. वर चॅपलला सात पायऱ्या आहेत, दार बुटकं आहे, डोकं सांभाळा. मासा शेवटी दाखवते.